चाळिशीनंतरचं एमबीए: इंग्रजीची तयारी आणि कोर्सची निवड

"आधी इंग्रजी पक्कं करतो, मग एमबीएचं बघू." नोकरीत पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माणसांकडून हे वाक्य मी सतत ऐकते. त्यातले बरेच जण अजून त्या 'आधी'पाशीच थांबलेले आहेत, कारण इंग्रजी आता पक्कं झालं असं कोणी येऊन सांगत नाही. दुसऱ्या टोकाला जाहिरात पाहून फी भरणारे. आपल्या वयाला आणि दिनक्रमाला न मानवणारा कोर्स गळ्यात पडला की ते दमतात आणि खापर फोडतात इंग्रजीवर. मला विचाराल तर ही दोन कामं सुटी करूच नयेत. कोर्स कोणता घ्यायचा यावरून इंग्रजी कसलं लागणार ते ठरतं, आणि तेवढ्याच इंग्रजीची तयारी करायला घेतली तर ती आवाक्यात येते.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. शाळा मराठी माध्यमाची, मग अभियांत्रिकीची पदवी, मग उत्पादन क्षेत्रात गुणवत्ता विभागाची नोकरी. चाळिशी ओलांडल्यावर नोकरी न सोडता एक्झिक्युटिव्ह एमबीए केलं. ईमेल, ऑडिट, रिपोर्ट हे सगळं आधीपासून इंग्रजीतच चालायचं. त्यामुळे 'इंग्रजी येत नाही' असं काही नव्हतं. अशा माणसाला बाजारात मिळणारे 'तीन महिन्यांत अस्खलित इंग्रजी' छापाचे क्लास काहीच कामाचे नसतात. आपल्याला जे येतं तेच ते पुन्हा शिकवतात, आणि जे अडतं तिथवर पोचतच नाहीत.

आधी कोर्सची जातकुळी ओळखा

पूर्णवेळ दोन वर्षांच्या एमबीएचा साचा जुना आहे. हार्वर्डने १९०८ मध्ये ही पदवी सुरू केली. अशा वर्गात सरासरी वय अठ्ठावीसच्या आसपास असतं, आणि मधली इंटर्नशिप, कंपन्यांची भरती, माजी विद्यार्थ्यांच्या गाठीभेटी ही सगळी आखणी त्या वयाला धरून केलेली असते. पंचेचाळिशीतल्या माणसाने तिथे जाऊच नये असं मी म्हणणार नाही. पण भरतीला येणाऱ्या कंपन्या जी पदं भरायला येतात, ती आपण केव्हाच मागे टाकलेली असतात. एका वर्षाचे कोर्स आहेत, इन्सिआड या फ्रान्समधल्या बिझनेस स्कूलचा तर दहा महिन्यांचा. त्यात नोकरीपासून दूर राहण्याचा काळ कमी होतो, पण वेग असा असतो की भाषेत अडखळणाऱ्याला सावरायला सवड मिळत नाही.

आपल्या वयाचा मुख्य पर्याय एक्झिक्युटिव्ह एमबीए. शिकागो विद्यापीठाने तो १९४३ मध्ये सुरू केला, नोकरीत असलेल्या अनुभवी माणसांसाठीच. वर्ग शनिवार-रविवारी किंवा महिन्या-दोन महिन्यांतून एकदा सलग काही दिवस भरतो. वर्गातली बहुतेक मंडळी पस्तिशी-चाळिशीची, हाताखाली माणसं असलेली. तुम्ही पन्नाशीला टेकला असलात तरी कोणी वळून पाहत नाही.

फारसा चर्चेत नसलेला आणखी एक प्रकार आहे. एमआयटीचा स्लोन फेलोज (तो १९३१ पासून चालू आहे), स्टॅनफर्डचा एमएसएक्स, लंडन बिझनेस स्कूलचा स्लोन. वर्षभराचे पूर्णवेळ कोर्स, पण प्रवेश फक्त बरीच वर्षं काम केलेल्यांना. यातल्या स्टॅनफर्ड आणि लंडनच्या पदवीच्या नावात 'एमबीए' नाही, ती मास्टर्सची पदवी आहे. कार्डावर एमबीए ही अक्षरं हवीच असतील तर हे आधी वाचून घ्या.

ऑनलाइन एमबीएला नाक मुरडण्याचे दिवस गेले. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये ऑनलाइन एमबीए सुरू केलं आणि २०१९ मध्ये चक्क आपलं पूर्णवेळ निवासी एमबीए बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. अर्थात ऑनलाइनच्या नावाखाली वाट्टेल ते विकणारेही आहेत. त्यांच्याकडे पुढे येते.

आता इंग्रजीच्या बाजूने याच यादीकडे पाहा. केस पद्धतीच्या वर्गात, म्हणजे जिथे एखाद्या कंपनीची हकीकत वाचून येऊन चर्चा करायची असते तिथे, बोलण्याला गुण असतात. हार्वर्डसारख्या ठिकाणी कित्येक विषयांत निम्म्यापर्यंत गुण वर्गातल्या सहभागाचे. तिथे चटकन बोलता येणारं इंग्रजी लागतं, व्याकरणात थोडं इकडेतिकडे झालं तरी खपतं. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं आणि दर आठवड्याचं लेखी काम असलेल्या ऑनलाइन कोर्समध्ये याच्या बरोबर उलट: व्याख्यान थांबवून पुन्हा ऐकता येतं, पण लिखाण नेटकं लागतं आणि ते सतत करावं लागतं. लेखी परीक्षांवर भर असेल तर वेळ लावून लिहिण्याचा सराव हवा. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ चारचौघांत इंग्रजी बोलायला फार बिचकायचे, पण लिहायचे उत्तम. त्यांनी लेखी कामावर भर असलेला दूरस्थ कोर्स निवडला आणि आरामात पार पाडला. हे पळवाट शोधणं आहे असं काहींना वाटेल. मला तो शहाणपणा वाटतो.

केसची चर्चा आणि बोलण्याचा वेग

केस म्हणजे एखाद्या कंपनीपुढच्या पेचाची दहा-वीस पानी हकीकत, शेवटी आकड्यांचे तक्ते. सगळ्यांनी ती वाचून यायचं, प्राध्यापक एक प्रश्न टाकतात आणि मग तासभर नुसती चर्चा. मराठीत विचार करणाऱ्याचं घोडं इथेच पेंड खातं. मुद्दा सुचतो, मनात वाक्य जुळवायला घेतो, क्रियापद कुठे टाकायचं ते ठरेपर्यंत तोच मुद्दा दुसऱ्या कोणीतरी मांडलेला असतो. वर तो दुसरा पंचविशीतला पोरगा असला तर जास्तच लागतं.

यावर मला लागू पडलेला उपाय असा. चर्चेच्या सुरुवातीलाच बोलून टाकायचं, आणि बोलायचं ते तक्त्यातल्या आकड्यावर. पहिली दहा मिनिटं चर्चा केसच्या तथ्यांभोवती फिरते, त्यामुळे घरून तयार करून आणलेलं वाक्य तिथे चपखल बसतं. 'द मार्जिन फेल इन द थर्ड इयर, इव्हन दो सेल्स वेन्ट अप.' एवढं एक वाक्य पुरतं. त्यात मत नाही, अलंकार नाहीत, पण त्याने पुढची चर्चा वळते आणि आपण बोलणाऱ्यांत जमा होतो. नंतर मध्येच शिरायचं असेल तर शिरण्यासाठीचे शब्द तयार ठेवावेत: 'बिल्डिंग ऑन दॅट', 'आय रीड द नंबर्स डिफरंटली', 'कॅन वी गो बॅक टू द कॉस्ट फिगर?' असे पाच-सात तुकडे जिभेवर बसले की ते म्हणताना पुढचं वाक्य जुळवायला दोन-तीन सेकंद मिळतात. अस्खलित बोलणारेही हेच करत असतात, आपल्या लक्षात येत नाही इतकंच.

हे तुकडे कुठून घ्यायचे? सिनेमे आणि मालिका बघा असा सल्ला सर्रास दिला जातो. करमणूक होते, पण तिथली भाषा वर्गात फारशी उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे तिमाही निकालांचे कॉल ऐका. निकाल जाहीर झाल्यावर कंपनीचे वरिष्ठ अधिकारी विश्लेषकांशी बोलतात, आणि बऱ्याच कंपन्या त्याचं रेकॉर्डिंग आणि लिखित प्रत स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट ठेवतात. पहिला भाग वाचून दाखवलेला असतो, तो सोडून द्या. खरा माल प्रश्नोत्तरांत आहे. विश्लेषक अडचणीचा प्रश्न किती सभ्यपणे विचारतो, अधिकारी उत्तर न देता कसा निसटतो, मतभेद कसा मांडला जातो, हे सगळं तिथे जिवंत मिळतं. मी एक प्रश्न ऐकायचे, रेकॉर्डिंग थांबवून उत्तर स्वतः मोठ्याने द्यायचे, मग खरं उत्तर ऐकायचे. आपल्याच क्षेत्रातली कंपनी निवडली तर विषय ओळखीचा असतो आणि सगळं लक्ष भाषेवर राहतं.

आयत्या वेळी बोलायची सवय लावण्यासाठी टोस्टमास्टर्स इंटरनॅशनलचे क्लब चांगले. संस्था १९२४ पासूनची आहे, आणि ऑनलाइन भरणारे क्लबही आहेत. तिथल्या 'टेबल टॉपिक्स' या प्रकारात अचानक विषय देतात आणि त्यावर एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं. केसच्या वर्गात एका वेळी बोलायला मिळतं तेही साधारण तेवढंच.

उच्चारांचं ओझं फार घेऊ नका. परदेशी ढंग आणायचा प्रयत्न तर मुळीच नको, कानाला खोटा लागतो. दोनच गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, शब्दातला जोर. मराठीत जोर इकडचा तिकडे झाला तरी अर्थाला धक्का लागत नाही. इंग्रजी ऐकणारा मात्र जोरावरूनच शब्द ओळखतो. 'ॲनालिसिस'मध्ये जोर 'ना'वर, पण 'ॲनलिटिकल'मध्ये 'लि'वर. 'स्ट्रॅटेजी'त पहिल्या अक्षरावर, 'स्ट्रटीजिक'मध्ये 'टी'वर. आपल्या विषयातले असे शंभरेक शब्द शब्दकोशातल्या ध्वनिफितीवरून नीट करून घेतले की 'पार्डन?' ऐकायची वेळ क्वचितच येते.

दुसरी गोष्ट आकडे, आणि ही मला उच्चारांहूनही महत्त्वाची वाटते. आपण लाख-कोटीत विचार करतो, वर्ग मिलियन-बिलियनमध्ये बोलतो. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, हे कागदावर सगळ्यांना येतं. पण कोणी 'सेव्हन्टी-फाइव्ह मिलियन' म्हणाल्याबरोबर डोक्यात साडेसात कोटी उमटले पाहिजेत, नाहीतर पुढची तीन वाक्यं ऐकायची राहून जातात. शिवाय 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला फरक बोलण्यात शेवटच्या अक्षरापेक्षा जोरावरून जास्त कळतो. रोज एखाद्या वार्षिक अहवालातला तक्ता घ्यावा आणि मोठ्याने इंग्रजीत वाचावा. कंटाळवाणं काम आहे, पण इतक्या कमी वेळात इतका फायदा दुसऱ्या कशातून मिळालेला नाही.

वाचन: थोडा हिशेब

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असा प्रौढ वाचक मनातल्या मनात मिनिटाला सुमारे २४० शब्द वाचतो. पाच हजार शब्दांची केस त्याची वीस-एकवीस मिनिटांत संपते. तुमचा वेग मिनिटाला १२० असेल तर तुम्हाला चाळीसच्या वर लागतात. एका दिवसाला तीन केस असतील तर एकट्या वाचनातच तासाभराचा फरक पडतो, आणि नोकरी करून शिकणाऱ्याकडे तो तास नसतो. म्हणून अर्ज करायच्या आधी स्वतःचा वेग एकदा मोजा: एखादा लांब व्यावसायिक लेख घ्या, शब्द मोजा, घड्याळ लावा.

वेग वाढवायला शब्दसाठा लागतो, पण शब्दकोश पाठ करायची गरज नाही. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासपर इंग्रजीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ५७० शब्दकुलांची (शब्दकुल म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं) यादी प्रसिद्ध केली, 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' या नावाने ती फुकट मिळते. त्यातले अर्धेअधिक शब्द आपल्याला येतच असतात, उरलेले केले की अडखळणं खूप कमी होतं. आणि खरं सांगायचं तर ज्याला आपण इंग्रजीची अडचण म्हणतो ती पुष्कळदा अकाउंटिंगची असते. 'ॲक्रुअल', 'डिप्रिसिएशन', 'वर्किंग कॅपिटल' हे शब्द कोणी मराठीत समजावले तरी संकल्पना नवी असल्यावर अडायचंच. वित्तविभागात काम केलं नसेल तर प्रवेशाआधी अकाउंटिंगचा एखादा प्राथमिक कोर्स करून टाका.

सोप्या पण भारदस्त व्यावसायिक इंग्रजीचा नमुना हवा असेल तर अमेरिकन गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी आपल्या बर्कशायर हॅथवे या कंपनीच्या भागधारकांना लिहिलेली वार्षिक पत्रं वाचा. १९७७ पासूनची पत्रं कंपनीच्या संकेतस्थळावर आहेत. अवघड व्यवहार किती साध्या शब्दांत सांगता येतो ते पाहून आपल्या जड ईमेलांची लाज वाटते.

लिहिणं

आपल्या लिखाणातले दोष मोजके आणि ठरलेले असतात. 'आय ॲम हॅविंग एटीन इयर्स एक्सपिरियन्स', 'डिस्कस अबाउट', 'रिटर्न बॅक', नको तिथे 'द' आणि हवा तिथे तो गायब. मराठीत 'अ' आणि 'द'सारखं काही नसल्यामुळे शेवटचा दोष सहजी जात नाही. तो शंभर टक्के घालवायच्या मागे लागू नका, वाचणारा त्यावरून गुण कापत नाही. गुण जातात ते लांबण लावण्यात. ऑफिसातल्या इंग्रजीची सवय अशी की कारणं आधी आणि निर्णय शेवटी. एमबीएच्या लेखी कामात शिफारस पहिल्या परिच्छेदात लागते आणि कारणं खाली. ही उलटापालट जमायला मला व्याकरणापेक्षा जास्त वेळ लागला.

सराव म्हणून वेगळे निबंध लिहू नका. कामाचा रोजचा एखादा ईमेल घ्या आणि पाठवायच्या आधी निम्म्या शब्दांत पुन्हा लिहा. एआय साधनं वापरायची असतील तर स्वतःचा खर्डा झाल्यावर, आणि 'दुरुस्त करून दे' असं न म्हणता 'चुका दाखव, दुरुस्ती मी करेन' असं सांगून. बऱ्याच बिझनेस स्कूलचे अर्जातल्या एआयच्या वापराबद्दल स्वतःचे नियम आहेत, ते आधी वाचा. शिवाय दुसऱ्याने घासूनपुसून दिलेला निबंध आणि मुलाखतीतलं आपलं बोलणं यांचा मेळ बसला नाही तर समोरच्याला लगेच कळतं.

परीक्षा

इथे जुन्या माहितीचा सुळसुळाट फार. एमबीएच्या प्रवेशासाठी जगभर चालणारी जीमॅट ही परीक्षा आता पूर्वीची राहिलेली नाही. नवी आवृत्ती २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आली आणि २०२४ च्या सुरुवातीला जुनी बंद झाली. आता तीन विभाग, प्रत्येकी ४५ मिनिटं, एकूण ६४ प्रश्न, गुण २०५ ते ८०५. भूमिती गेली, निबंध गेला, आणि मुख्य म्हणजे वाक्यातल्या चुका दुरुस्त करायचे प्रश्न गेले. भाषेच्या विभागात आता फक्त उताऱ्याचं आकलन आणि तर्क. म्हणजे व्याकरणाच्या नियमांची धास्ती घेऊन जीमॅटपासून लांब राहिलेल्यांना आता ते कारण उरलेलं नाही. कोणी मायेने जुनी पुस्तकं दिली तर आभार मानून परत करा.

अनुभवी माणसांसाठी 'एक्झिक्युटिव्ह असेसमेंट' नावाची वेगळी परीक्षा आहे, जीमॅटवाल्यांचीच, २०१६ पासूनची. दीड तास, चाळीस प्रश्न. मुख्यतः एक्झिक्युटिव्ह एमबीएसाठी ती चालते. आणि दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असेल तर कित्येक ठिकाणी परीक्षेतून सूटही मिळते. आपणहून कोणी सांगत नाही, ईमेल करून विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं.

इंग्रजीच्या परीक्षेचंही तसंच. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर काही बिझनेस स्कूल आयेल्ट्स किंवा टोफेल मागतच नाहीत, कॉलेजचं माध्यमाचं प्रमाणपत्र पुरतं. पण वीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यासाठी कॉलेजच्या कार्यालयात जुने दफ्तर उघडायला वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी हाती घ्या. आयेल्ट्स द्यावीच लागली तर एमबीएसाठी साधारण ७ बँड (आयेल्ट्सच्या गुणांना बँड म्हणतात) मागतात, आणि अनेकदा प्रत्येक विभागात किमान ६.५ ची अट असते. घात होतो तो इथे. एकूण बँड सरासरीने निघतो, ६.७५ आले तर ७ धरतात, पण एकट्या लेखनात ६ पडले तर एकूण ७ असूनही अर्ज अडतो. आपल्याकडच्या नोकरदारांचं लेखनच मागे राहतं, तेव्हा तयारीचा मोठा वाटा तिथे घाला. टोफेलची रचना आणि गुणांची पद्धत २०२६ च्या जानेवारीपासून बदलली आहे, त्याआधीचं साहित्य वापरू नका.

क्रमही महत्त्वाचा. जीमॅटचे गुण पाच वर्षं चालतात, आयेल्ट्स-टोफेलचे दोन. जीमॅट आधी उरकून घ्या, इंग्रजीची परीक्षा अर्जाच्या जवळ ठेवा. उत्साहाच्या भरात उलटं केलं तर अर्ज करायच्या वेळी पुन्हा फी भरायची पाळी येते.

रँकिंग पाहा, पण ते कशाचं आहे तेही पाहा

फायनान्शियल टाइम्स या ब्रिटिश दैनिकाच्या जागतिक एमबीए रँकिंगमध्ये पगार आणि पगारवाढ यांना मोठं वजन असतं, आणि ते आकडे पदवीनंतर तीन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांकडून घेतलेले असतात. ते माजी विद्यार्थी कोण? प्रवेशाच्या वेळी सत्तावीस-अठ्ठावीसचे होते असे. त्यांचा पगार किती वाढला यावरून पंचेचाळिशीच्या माणसाने आपला कोर्स निवडावा हे मला कधी पटलं नाही. एक्झिक्युटिव्ह एमबीएचं वेगळं रँकिंग असतं, निदान ते तरी पाहा.

रँकिंगपेक्षा मान्यता जास्त बोलते. एएसीएसबी, एएमबीए आणि इक्विस या तीन आंतरराष्ट्रीय मान्यता. तिन्ही असलेल्या बिझनेस स्कूलना 'ट्रिपल क्राउन' म्हणतात. यातली एएमबीए आपल्या कामाची अशी, की तिच्या निकषांत पदवीनंतरच्या किमान तीन वर्षांच्या अनुभवाची अट आहे, म्हणजे अगदी कोऱ्या पाटीच्या मुलांनी भरलेला वर्ग मिळत नाही. मान्यता आहे की नाही ते माहितीपत्रकात पाहू नका, मान्यता देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव शोधा. भपकेबाज नावांच्या बनावट मान्यता पैशाला पासरी मिळतात. शिवाय पदवी देणाऱ्या विद्यापीठाला त्या त्या देशाच्या अधिकृत नियामकाची मान्यता आहे ना, हेही पाहावं लागतं, नाहीतर पदवी पुढे कुठेच चालत नाही.

प्रवेश विभागाशी बोलताना सरासरी वय विचारू नका, ते मोघम असतं. गेल्या बॅचमध्ये चाळिशीच्या पुढचे किती होते ते विचारा. ऑनलाइन असेल तर गटातली माणसं कोणत्या देशांतली, गटाच्या बैठका कोणाच्या वेळेने होतात. पहाटे तीनला बैठका असलेला कोर्स कितीही नामांकित असो, नोकरी करून दोन वर्षं निभत नाही. गुण कशाला किती: सहभाग, लेखी काम, परीक्षा, गटकार्य. या एका उत्तरावरून इंग्रजीची तुमची पुढची आखणी ठरेल. आणि नोकरी बदलायची असेल तर एक प्रश्न अवघड वाटला तरी विचाराच: कॅम्पस भरती आणि करिअर सेवा एक्झिक्युटिव्हच्या विद्यार्थ्यांना पूर्ण खुल्या असतात का? पुष्कळ ठिकाणी नसतात, कारण काहींची फी त्यांची कंपनी भरत असते आणि कंपनीने पाठवलेला माणूस दुसरीकडे पळवणं शाळेला परवडत नाही. तुमची फी कंपनी भरणार असेल तर त्यासोबत किती वर्षं थांबायचा करार आहे ते सही करण्याआधी वाचा.

निबंधाबद्दल एवढंच सांगते, की अनुभवी माणूस त्यात सगळी कारकीर्द कोंबतो. वाचणाऱ्याकडे तुमचा रेझ्युमे आहेच. एक निर्णय निवडा, ज्यात तुम्हाला माहिती अपुरी होती आणि तरी ठरवावं लागलं, आणि तेवढंच लिहा. 'आत्ताच का?' याला वयामुळे आलेलं उत्तर द्या. 'नवं शिकायची आवड' हे उत्तर बावीस वर्षांचा मुलगाही देऊ शकतो. शिफारसपत्र देणारा वरिष्ठ वयाने तुमच्याहून लहान असला तर संकोचू नका, हल्ली ते सर्रास असतं.

शेवटचं काम, अनामत भरायच्या आधीचं: एखादा तास बसून पाहू द्या अशी विनंती करा. बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन परवानगी मिळते. त्या दिवशीची केस आधी मागून घ्या आणि वाचून जा. तासाला समजलं नाही ते कागदावर दोन रकान्यांत लिहा, शब्द किंवा वेगामुळे निसटलं ते एकीकडे, विषयच नवा म्हणून निसटलं ते दुसरीकडे. दुसरा रकाना भरला असेल तर बिनधास्त अर्ज करा, तो शिकायलाच तर चाललात. पहिला भरला असेल तर पुढच्या बॅचची तारीख विचारा, आणि मधल्या महिन्यांत त्या तिमाही कॉलना लागा.